किरकोळ कुणाला?

'किरकोळ' हा शब्द मी आजवर किती वेळा लिहिला असेल, याची मोजदाद नाही. तो लिहिण्याआधी थांबायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याविषयी लिहायचं मात्र बरीच वर्षं राहून गेलं.

१९९५ साली मी सोलापूरच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागले. तेव्हा बातम्या संगणकावर जुळवून त्यांचे ब्रोमाईड निघत आणि ते कात्रीने कापून पानावर चिकटवले जात. त्याआधी प्रत्येक मजकूर प्रूफच्या टेबलावरून जायचा. तिथे दोघं समोरासमोर बसत. एक जण मूळ कॉपी मोठ्यानं वाचायचा, त्याला कॉपी होल्डर म्हणत. दुसरा छापील गॅलीवर नजर ठेवून चुका काढायचा. वाचणारा विरामचिन्हंही उच्चारायचा, त्यामुळे रात्री दहानंतर त्या खोलीतून 'जखमी झाले पूर्णविराम जखमींना स्वल्पविराम' असा एका सुरातला आवाज येत राही. गॅलीवर नजर ठेवणारे होते अण्णा. घरी कन्नड, गाव अक्कलकोटकडचं, शिक्षण सगळं मराठी शाळेत. काही अडलं की ते तोंडानं बोलत नसत, डावा हात खांद्याइतका वर करत. वाचणारा तिथेच थांबायचा.

मुद्रितशोधकाचं काम ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, मजकुराला हात लावायचा नाही, असा अलिखित नियम होता. अण्णा तो पाळत. मजकुरातलं काही खटकलं, तर खोडत नसत, समासात लाल शाईनं एकच शब्द लिहून गॅली परत पाठवत. 'कधी?' 'कुठं?' 'कोण म्हणालं?' मला सुरुवातीला त्याचा राग यायचा. पान सोडायची वेळ झालेली असताना एका माणसाला 'कोण म्हणालं' हे जाणून घ्यायचं असे, आणि त्यासाठी मला पुन्हा फोन फिरवावा लागे.

१९९६ च्या उन्हाळ्यात एका रात्री अण्णांची साप्ताहिक सुट्टी होती. पोलीस ठाण्यांना रोजचे फोन चालले होते. 'काही विशेष?' 'काही नाही मॅडम, यंत्रमागावर एक जण किरकोळ जखमी.' पानाच्या तळाशी जागा उरली होतीच. मी तीन ओळी लिहिल्या. मागाच्या दातेरी चाकात हात सापडून यंत्रमाग कामगार किरकोळ जखमी, पोलिसांत नोंद. सकाळपर्यंत मी ते विसरूनही गेले होते.

पाचव्या दिवशी दुपारी एक बाई ऑफिसात आल्या. विडी कामगार होत्या. बोटांना तंबाखूचा वास, कडेवर मूल, हातात ते कात्रण. मराठी बोलत होत्या, पण तेलुगू वळणाचं. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी ऐकू येतं तसं. नवऱ्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती, तर्जनीचं एक पेर आणि मधल्या बोटाचं एक पेर. कारखानदाराकडे भरपाई मागायला गेल्या, तर त्यानं हेच कात्रण पुढं केलं होतं. 'पेपरातच किरकोळ छापलंय, दोन दिवसांची मजुरी घे नि जा.' त्या ओरडल्या नाहीत. कात्रण माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, 'हे कुणी लिहिलं?'

मी लिहिलं होतं.

ज्यांना माग माहीत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा, सुटलेली दोन्ही टोकं चिमटीत धरायची आणि क्षणात गाठ मारायची. दिवसातून असंख्य वेळा. ती गाठ मारतात अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. बाईंनी मला ते करून दाखवलं. पदराचा सुटलेला एक धागा त्यांनी माझ्या टेबलावरच सांधला, मग दोन बोटं मिटून घेतली आणि उरलेल्या बोटांनी तेच करायचा प्रयत्न केला. धागा चिमटीत येईना. 'बघा,' एवढंच म्हणाल्या.

अण्णा तेव्हा नुकतेच कामावर आले होते. त्यांनी सगळं उभ्यानंच ऐकलं. बाईंना बसवलं, मुलाला बिस्किटं आणून दिली, आणि मग आमच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांतून १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची प्रत काढली. तिच्या शेवटी परिशिष्ट होतं. कुठला अवयव गेला, तर माणसाची कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, याचा तक्ता. अंगठा गेला तर ३० टक्के. पूर्ण तर्जनी गेली तर १४. तर्जनीचं एक पेर गेलं तर ९. मधल्या बोटाचं एक पेर गेलं तर ७. अण्णांनी ते आकडे कागदावर लिहून बाईंच्या हातात दिले आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, 'कायद्याला पेर-पेर मोजता येतं. आपल्याला का आलं नाही गं?'

त्या रात्री त्यांनी मला भारतीय दंड संहितेचं कलम ३२० वाचायला लावलं. गंभीर दुखापत कशाला म्हणायचं, याचे आठ प्रकार तिथे दिलेले होते. डोळ्याची दृष्टी किंवा कानाचं ऐकू येणं कायमचं जाणं, एखादा अवयव किंवा सांधा जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड मोडणं. दातसुद्धा. नुसता एक दात पडला तरी कायद्याच्या लेखी ती गंभीर दुखापत. वीस दिवस माणसाला तीव्र वेदना झाल्या, किंवा रोजचं काम करता आलं नाही, तरी गंभीरच. (२०२४ च्या जुलैपासून नवी न्याय संहिता लागू झाली, तिच्यात वीसचे पंधरा दिवस झाले आहेत.) हे कलम फौजदारी गुन्ह्यांसाठी होतं, कारखान्यातल्या अपघाताच्या भरपाईसाठी नव्हे, हे अण्णांना ठाऊक होतं. पण शब्द तोलायला कुठलं तरी माप हवं, आणि आमच्याकडे मापच नव्हतं. माणूस वाचला म्हणजे किरकोळ, एवढंच आम्हाला माहीत होतं.

चार दिवसांनी मी ती बातमी पुन्हा लिहिली. शुद्धिपत्र द्यायला वरून परवानगी मिळाली नाही, म्हणून नवी बातमी केली. कुठली बोटं, किती पेरं, डॉक्टरांच्या दाखल्यात काय लिहिलंय, कायदा काय सांगतो. 'किरकोळ'ही नाही आणि 'गंभीर'ही नाही, नुसतं जे झालं ते. बाईंनी अंकाच्या पाच प्रती विकत घेतल्या. मी पैसे नको म्हटलं, तर त्यांनी ते काउंटरवर मोजून ठेवले आणि निघाल्या. पुढे तडजोडीत काही रक्कम मिळाली, आणि नवऱ्याला मागाऐवजी कांडी भरायच्या कामावर घेतलं. त्या कामाला मजुरी कमी. आधी शहानिशा केली असती, तर त्या घराला निदान ते पाच दिवस हेलपाटे पडले नसते.

अण्णांना हा शब्दच का खुपतो, हे मी नंतर विचारलं. ते म्हणाले, 'आमच्या कन्नडात किरु म्हणजे लहान. आणि किरुकुळ म्हणजे काय ठाऊक आहे? छळ. बाईला सासरी त्रास देतात ना, त्याला किरुकुळ म्हणतात.' सीमेच्या पलीकडच्या वर्तमानपत्रात तो शब्द पोलिसांच्या बातमीत येतो तो गांजणुकीसाठी, सीमेच्या अलीकडे तोच क्षुल्लक गोष्टीसाठी. शब्दाच्या अंगात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, असं अण्णांचं मत होतं. बारीक बारीक गोष्टींनीच माणूस गांजतो, असं ते म्हणत.

दुसरं कारण मात्र त्यांनी पुष्कळ दिवसांनी सांगितलं. १९९२ च्या पावसाळ्यापासून किल्लारीच्या परिसरात जमिनीतून आवाज येत होते, लहान लहान धक्के बसत होते. ऑक्टोबरात त्यातल्या त्यात एक मोठा बसला. 'किरकोळ धक्के, घाबरण्याचे कारण नाही' अशा मथळ्याची गॅली अण्णांच्या हातून गेली होती. त्यांनी 'घाबरण्याचे'मधला काना तपासला आणि सही केली. पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून लोक झोपले, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी दगड-मातीची जाड भिंतींची घरं माणसांवर कोसळली. किल्लारी सोलापूरपासून साधारण शंभर किलोमीटर. अण्णांची एक चुलत बहीण उमरगा तालुक्यात दिलेली होती. 'भूकंप आपल्याला थांबवता आला नसता,' अण्णा म्हणाले, 'कुणालाच आला नसता. पण लोक विचारत होते की हे काय आहे, आणि ठाऊक नसताना आपण उत्तर दिलं.' त्यानंतर कुठल्याही गॅलीत तो शब्द दिसला की समासात लाल शाईनं ते लिहीत, 'कुणाला?'

पुढच्या काही वर्षांत मी पानं बदलत गेले आणि हा प्रश्न माझ्याबरोबर आला. गुन्हेवृत्ताच्या पानावर तर हा शब्द मुक्कामालाच असतो. 'किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण' हे वाक्य फिर्यादीतून उचलून तसंच्या तसं बातमीत येतं. आणि वर्षातून कितीदा तरी येणारा तो मथळा, 'किरकोळ कारणावरून पत्नीचा खून'. कारण खाली दिलेलं असतं. भाजीत मीठ कमी होतं, जेवायला उशीर झाला, माहेरी जायचं म्हणाली. त्या वाक्यात किरकोळ ठरवणारा कोण? मेलेली बाई तर काही सांगायला उरलेली नाही. उरतो तो मारणारा, त्याचे नातेवाईक आणि जबाब लिहून घेणारा हवालदार. आणि वाचणाऱ्याला वाटतं की एका मिठाच्या खड्यावरून शांत संसारात अचानक आग लागली.

एकदा अण्णांच्या 'कुणाला?'मुळे मी अशाच एका बातमीसाठी पोलीस ठाण्यात जाऊन बसले. एका वयस्क हवालदारांनी (त्यांचंही ऋण माझ्यावर आहे) अदखलपात्र गुन्ह्यांची नोंदवही उघडून दाखवली. साधी मारहाण अदखलपात्र असते, तिची नोंद होते, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. त्या बाईच्या नावावर दोन वर्षांत चार नोंदी होत्या. चौथी नोंद खुनाच्या आधी एकोणीस दिवसांची. प्रत्येक नोंदीत कारण तेच लिहिलेलं, 'किरकोळ घरगुती कारणावरून'. एकाच शब्दानं चार वेळा दार लावून घेतलं होतं. मी मथळा दिला, 'चार तक्रारींनंतर पत्नीचा खून'. अण्णांकडून ती गॅली परत आली तेव्हा समास कोरा होता.

शहर पानावर याच शब्दाचा जाच वेगळा. 'किरकोळ दुरुस्तीसाठी उद्या पाणीपुरवठा नाही.' ज्या शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, तिथे एक दिवस पुढं गेला की हंडे भरायला थांबलेल्या बाईचा रोज बुडतो. तिथे मी किरकोळ काढून दुरुस्ती कुठली ते लिहू लागले. व्हॉल्व्ह बदलणे, गळती काढणे. जागाही तेवढीच लागते.

अर्थपानावर आले तेव्हा मात्र मी अण्णांशी वाद घातला आणि तिथे मीच बरोबर होते. बाजारभावाच्या रकान्यात 'किरकोळ'नं कुणाला कमी लेखलेलं नसतं. तो घाऊकचा जोडीदार आहे. आमच्याकडे बाजारभाव आणणारे जे गृहस्थ होते, ते पहाटे सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला उभे राहत आणि नंतर मंडईत फिरत. क्विंटलचा भाव तो घाऊक, पाव-अर्धा किलोचा तो किरकोळ. त्यांनीच मला शिकवलं की शेतकऱ्याचं दुःख पहिल्या आकड्यात असतं आणि गिऱ्हाइकाचं दुसऱ्यात, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापल्याशिवाय मधलं अंतर कुणाला दिसत नाही.

पण हा शब्द बाजारातून उचलून महागाईच्या डोक्यावर ठेवला की घोळ होतो. 'किरकोळ महागाई.' म्हणायचं असतं, किरकोळ बाजारातल्या भावांवरून मोजलेली महागाई. ऐकणाऱ्याला वाटतं, थोडीशी महागाई. मे २०२२ मध्ये आधीच्या महिन्याचे आकडे आले, तेव्हा मराठीत सगळीकडे मथळे होते, 'किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर, आठ वर्षांतील उच्चांक'. रिझर्व्ह बँकेला ही महागाई चार टक्क्यांच्या आसपास ठेवायची असते, फार तर सहापर्यंत. ती आठाला टेकायला आली होती आणि आम्ही तिला किरकोळ म्हणत होतो. या निर्देशांकात तेव्हा खाण्यापिण्याच्या वस्तूंचा वाटा जवळजवळ ४६ टक्के होता, म्हणजे तो आकडा थेट स्वयंपाकघरातून येत होता. एका शिक्षिकेचं पत्र आलं होतं, 'गोडेतेलाचा डबा आणून बघा आणि मग किरकोळ म्हणा.' त्यांना अर्थशास्त्र कळत नाही असं म्हणून ते पत्र बाजूला सारणं सोपं होतं. मी अर्थपानाच्या मुलांना सांगितलं, दोन शब्द जास्त गेले तरी चालतील, 'किरकोळ बाजारातील महागाई' लिहा. २०१२ साली केंद्रानं बहुविध ब्रँडच्या दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला मुभा दिली, त्यावरून तृणमूल काँग्रेसनं सरकारचा पाठिंबा काढला, तेव्हाही 'किरकोळ क्षेत्रा'वरून देशाचं राजकारण हललं होतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला त्या नावातला कमीपणा बोचत असणार, असं मला तेव्हा फार वाटलं.

क्रीडा पानानं मला या शब्दाची आणखी एक बाजू दाखवली. तिथे 'किरकोळ दुखापत' हा बहुधा संघ व्यवस्थापकाचा शब्द असतो, आणि दोन आठवड्यांनी खेळाडू मालिकेबाहेर जातो. पण तिथेच तो कधी कधी खेळाडूचा स्वतःचाही असतो. २००२ मध्ये अँटिग्वाच्या कसोटीत अनिल कुंबळेचा जबडा मोडला होता, डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी बांधून तो गोलंदाजीला उतरला आणि त्यानं लाराला बाद केलं. त्या रात्री अण्णा प्रूफं सोडून टीव्हीसमोर येऊन उभे राहिले होते. ज्याचं दुखणं आहे, त्यानं ते किरकोळ म्हणावं, तो त्याचा अधिकार. 'त्यानं म्हटलं तर अवतरणात घाल,' अण्णा म्हणाले, 'आपल्या तोंडी घालू नको.' चिमटीत धागा धरून दाखवणाऱ्या त्या बाईही जाताना म्हणाल्या होत्या, 'तसं किरकोळच म्हणायचं, हात तरी राहिला.' ते वाक्य मी बातमीत घेतलं नव्हतं. आज घेतलं असतं, त्यांच्याच तोंडी.

२००३ मध्ये अण्णा निवृत्त झाले. मी पुढे पुण्याला गेले. सणावाराला सोलापूरला आले की त्यांच्याकडे जायचंच. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरलेली असली तर शेंगाचटणी, कडक भाकरी आणि त्यांच्या सौभाग्यवतींचा आग्रह ठरलेला. २०१० च्या जानेवारीत गेले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. काचबिंदूनं बरीचशी दृष्टी गेली होती. पेपर मात्र दारात पडत होते, तीन तीन. नातू मथळे वाचून दाखवायचा, पण त्याला शाळेची घाई.

'बस,' अण्णा म्हणाले. 'आज तू कॉपी होल्डर.'

ओसरीवर आम्ही समोरासमोर बसलो. मी पहिल्या पानापासून वाचायला लागले, आणि दोन ओळींतच आपसूक विरामचिन्हंही म्हणू लागले. ते डोळे मिटून ऐकत होते. 'गर्दी झाली' असं आलं तेव्हा डावा हात वर गेला. किती? बातमीत नव्हतं. हात खाली आला. मी पुढं वाचू लागले. आतून काकूंच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता.

आतल्या पानावर खाली, चार ओळींची बातमी होती. पुणे रस्त्यावर एसटीला ट्रकची धडक, एक प्रवासी किरकोळ जखमी. मी त्या शब्दापाशी थांबले. अण्णांचा हात मांडीवरच होता. त्या पेपरात माझ्या ओळखीचा एक बातमीदार होता. मी मोबाईल काढला आणि तिथूनच त्याला फोन लावला. त्यानं आधी सकाळी सकाळी काय हे असं केलं, मग वही काढून सांगितलं. साठीचे गृहस्थ. पुढच्या सीटवर कपाळ आपटलं, दोन टाके. डॉक्टरांनी तपासून तासाभरात सोडलं. पुढच्या गाडीनं ते पंढरपूरला गेलेसुद्धा, फोन केला होता, ठीक आहेत.

मी ते सगळं अण्णांना सांगितलं. त्यांनी सावकाश मान हलवली.

'दोन टाके. घरी सोडलं. स्वतः गाडीत बसून गेला,' त्यांनी एकेक मोजलं. 'मग किरकोळच गं. वाच पुढं.'

'पूर्णविराम,' मी म्हटलं, आणि पुढची बातमी घेतली.